थांबली म्हणजे बुजली नव्हे

"मामा, गळती थांबली." या वाक्याचा फोन मला दीड महिन्यात तीनदा आला. तिन्ही वेळा मी एकच विचारलं, टाकीत पाणी किती होतं? तिन्ही वेळा पलीकडून उत्तर आलं नाही. चौथा फोन आला तो गळती पुन्हा सुरू झाल्याचा. मग मात्र शनिवारी सकाळी मीच उठून ठाकुरसाईला गेलो.

भाच्याने दिवाळीत जुनी कॅराव्हॅन घेतली आहे, गाडीमागे जोडून ओढायची. पवना धरणाच्या काठी ओळखीच्या शेतकरी कुटुंबाच्या वावरात ती उभी असते आणि शनिवार-रविवार तो मुलांना घेऊन तिथे राहतो. तिच्या पोटाखाली तीन टाक्या आहेत. एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या आणि ओट्याच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. यातली कोणती तरी गळत होती. कोणती, ते कोणीच पाहिलं नव्हतं. मागच्या चाकाजवळ थेंब पडतात, वास घाण येतो, म्हणजे संडासाचीच, असं ठरलं आणि तिच्या खालच्या वॉलभोवती तीनदा लेप चढला. गॅरेजचं नाव लिहीत नाही. तिथे जे झालं ते कुठेही होतं. तुमच्या टेरेसचं, तुमच्या मोरीचं हेच झालेलं आहे आणि त्याची पत्रं माझ्याकडे आहेत.

खरा धागा दिला तो वावराच्या मालकीणबाईंनी. मी गाडीखाली वाकलो होतो, त्या गोठ्याकडून येत म्हणाल्या, "काका, रविवारी ही पोरं गेली की गळतंय. मंगळवारपातूर आपसूक थांबतंय. मिस्त्री येतो बुधवारी."

बुधवारी मिस्त्रीला कोरडी गाडी दिसते, तो लेप लावतो, पुढचे दोन दिवसही गाडी कोरडीच राहते. दुरुस्ती यशस्वी. शनिवारी चार माणसं अंघोळी करतात, भांडी घासतात, टाकी भरते, रविवारी पुन्हा थेंब. ज्या दिवशी गळत नव्हतं त्या दिवशी दुरुस्ती झाली आणि ज्या दिवशी गळणार नव्हतं त्या दिवशी ती तपासली गेली. गळती आपोआप थांबते तेव्हा भोक बुजलेलं नसतं, पाणी भोकाखाली उतरलेलं असतं. ती थांबते त्या रेषेवर भोक आहे, एवढी मोठी खूण टाकी स्वतःहून देत होती आणि तीनदा ती पुसून टाकली गेली.

इथे मला टेमघर आठवतं. हा विषय मी सोडत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे, आणि सोडणारही नाही.

पवनेच्या खोऱ्यातून दक्षिणेला डोंगर ओलांडला की मुळेचं खोरं, तेही ओलांडलं की मुठेचं. तिथे मुळशी तालुक्यात टेमघर आहे. दगडी बांधकामाचं धरण, पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांत पावणेचार टीएमसीच्या आतबाहेर साठा असलेलं. २०१६ च्या पावसाळ्यात धरण भरत आलं आणि खालच्या बाजूने भिंतीतून पाण्याच्या चिळकांड्या उडताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या. गुन्हे दाखल झाले, समित्या बसल्या. पण मला त्या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, ती दुरुस्तीच्या पद्धतीची. धरण रिकामं करावं लागलं. भिंतीत भोकं पाडून दाबाने सिमेंटचं ग्राउट भरलं, पाण्याच्या बाजूच्या तोंडावर काँक्रीटचा फवारा मारला. हे सगळं पाणी उतरल्यावर, उन्हाळ्यात. काम जमलं की नाही ते मात्र उन्हाळ्यात कळणारच नव्हतं. त्यासाठी पाऊस यायला हवा, धरण भरायला हवं, पाणी त्याच उंचीला चढायला हवं आणि मग भिंतीच्या पोटातल्या गॅलरीत उतरून झिरपा मोजायला हवा.

धरणाच्या गळतीचा आकडा पाण्याच्या पातळीशिवाय सांगितला तर त्याला अर्थ नसतो. दहा मीटर खोल पाण्याखाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब असतो. वीस मीटरखाली दोन किलो. ऑगस्टमध्ये जी फट धो धो वाहते तीच मेमध्ये थेंबही देत नाही, कारण तिच्या मागे पाणीच नसतं. कोणी मेमध्ये जाऊन भिंतीला हात लावून म्हणालं, बघा, कोरडी आहे, तर तो खोटं बोलत नसतो. तो चुकीच्या महिन्यात आलेला असतो, बुधवारी येणाऱ्या मिस्त्रीसारखा.

दुसरं साम्य जागेचं. पाणी जिथून बाहेर पडतं तिथूनच ते आत शिरलेलं असतं, असं नसतं. दगडी भिंतीत चुन्या-सिमेंटचा माल आतल्या आत झिजतो, पाणी त्यातला चुना विरघळवत वाट काढतं आणि लांब कुठेतरी पांढऱ्या ओघळांच्या रूपाने प्रकट होतं. तुमच्या जिन्याच्या स्लॅबखाली लोंबणाऱ्या पांढऱ्या काड्या याच. म्हणून धरणांच्या गळतीचा माग काढायला पाण्यात खुणेची द्रव्यं सोडतात आणि ती कुठे निघतात ते पाहतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात हा अभ्यास वर्षानुवर्षं चालतो. १९१६ पासूनची संस्था आपल्या उशाशी आहे आणि आपण मात्र अजून वासावरून गळती ओळखतो.

धरणाच्या अभियंत्यांना ही परीक्षा वर्षातून एकदाच देता येते. लेप उन्हाळ्यात, निकाल पावसाळ्यात, चूक निघाली तर पुढचा उन्हाळा. तरी त्यांना ती द्यावी लागते. शंभर-दीडशे लिटरच्या टाकीला पाऊस लागत नाही, बोअरची नळी लागते आणि अर्धा तास लागतो. रिकामी करून दुरुस्त करायची आणि भरून तपासायची, हे दिवसातून चार वेळा करता येईल. ते एकदाही केलं गेलं नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

आता शनिवार. आदल्या संध्याकाळी वळवाची सर पडून गेली होती, तेव्हा आधी गाडीचं पोट फडक्याने कोरडं पुसून दोन तास उन्हात थांबलो. दोन्ही घाण टाक्या पाइप लावून मालकीणबाईंच्या घराच्या सेप्टिक टाकीत सोडल्या, दोनदा खळबळून घेतल्या. मग मोरीच्या टाकीत खायचा लाल रंग, संडासाच्या टाकीत हिरवा. चांगल्या पाण्यात काही नाही. गाडीखाली रद्दी अंथरली, पानांवर आकडे घातले आणि दोन्ही टाक्यांत बादली-बादलीने पाणी घालायला सुरुवात केली. पंधरा लिटरची बादली. दुधी प्लास्टिकमधून पातळी दिसते, तिथे प्रत्येक बादलीला पेनने रेघ. तीन बादल्यांनंतर अर्धा तास वाट. काही नाही. पाच. काही नाही. भाचा म्हणाला, मामा, थांबली वाटतं. सातवी बादली पडली आणि पाच-सात मिनिटांनी मागच्या चाकाजवळच्या पानावर एक थेंब पडला.

लाल.

गळत होती ती मोरीची टाकी. लेप तीनदा चढला संडासाच्या टाकीवर. उष्टं, तेल, साबण आणि भाताचं पाणी आठवडाभर बंद टाकीत कुजलं की त्याचा वास संडासापेक्षा वाईट येतो. ज्याने तुंबलेली मोरी उघडली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. नाकावर भरवसा ठेवून तीन वेळचे पैसे गेले.

थेंब पडत होता ती जागा टाकीपासून हातभर नव्हे, चांगली तीन फूट लांब. बॅटरी घेऊन उताणा झोपलो. पातळी दाखवणाऱ्या सेन्सरचा बोल्ट टाकीच्या अंगात बसवलेला असतो, तो सहाव्या आणि सातव्या रेघेच्या मधोमध होता. त्याच्या मुळाशी लाल मणी जमत होता. तो फुगायचा, वायरवर उतरायचा, वायरच्या अंगाने गाडीच्या सांगाड्याच्या चॅनेलपर्यंत यायचा, चॅनेलच्या काठाने सरकत चाकापाशी पोचायचा आणि तिथे वायर बांधलेल्या पट्टीवरून खाली पडायचा. मी भाच्याला खाली बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

बोल्ट काढला तेव्हा आतलं रबरी वायसर नखाने तुकडा पडावा इतकं वाळलेलं होतं. ते बदललं असतं तरी भागलं नसतं, कारण भोकाच्या कडेपासून केसाएवढी चीर बोटभर वर गेली होती. घाटात, गतिरोधकावर दीडशे किलो पाणी हिंदकळतं, तो सगळा मार अशा भोकांवर बसतो. आणि इथे लेपाची गोष्ट. या टाक्या बहुतेक करून पॉलिथिनच्या असतात. पॉलिथिनला नेहमीचं काहीही धरून राहत नाही. दोन रंगांच्या वड्या मळून लावायचा लगदा, सिलिकॉन, नेहमीचा कोणताही डिंक, सुकल्यावर नखाने सोलून निघतो. दुधाची पिशवी कोणी डिंकाने चिकटवून पाहावी. पॉलिथिनला पॉलिथिनच लागतं, तेही वितळवून. तळेगावात बंपर आणि पाण्याच्या टाक्या जोडणारा एक कारागीर आहे, त्याला बोलावलं. त्याने आधी चिरेच्या टोकाला बारीक गोल भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग कड तासून व्ही आकाराची खाच केली आणि गरम हवेच्या बंदुकीने त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी त्यात वितळवत बसवली. बंदूक चालू करण्याआधी त्याने टाकीची सगळी तोंडं उघडून पंखा लावला. मैल्याच्या आणि कुजक्या पाण्याच्या टाकीत पेटणारा वायू असतो, विषारीही असतो. हे त्याला कोणी शिकवलं, विचारलं. म्हणाला, एकदा भुवया जळल्या. सेप्टिक टाक्यांत उतरून आपल्याकडे अजून माणसं मरतात, असं उतरवायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही. म्हणून ज्याला आपण टाकीपाशी पाठवतो त्याच्या हातमोज्यांची आणि हवेची जबाबदारी पाठवणाऱ्याची, हे लिहून ठेवतो.

एवढ्याशा गाडीच्या एवढ्याशा थेंबासाठी सबंध स्तंभ का? कारण ते वावर पवनेच्या काठी आहे. साडेआठ टीएमसीच्या या धरणातून सुटलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्याशी जातं आणि पिंपरी-चिंचवड ते पितं. याच पाण्याच्या बंद पाइपलाइनवरून ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, मावळातले तीन शेतकरी गेले. ज्या पाण्यावर ही किंमत लिहिलेली आहे त्याच्या काठावर भांड्याचं पाणी टपकत ठेवायचं आणि थांबलं म्हणून पाठ फिरवायची, हे मला सहन होत नाही.

आणि गाडीखाली निदान वाकून बघता तरी येतं. लोणावळ्या-खंडाळ्यातल्या, तुंगार्लीपासून कुरवंड्यापर्यंतच्या बंगल्यांच्या सेप्टिक टाक्या जमिनीत आहेत. नवी टाकी वापरात घेण्याआधी पाण्याने भरून ठेवून पातळी उतरते का ते पाहायचं असतं, आयएस २४७० या आपल्या मानकातच ते आहे. मी ज्या ज्या मालकांना विचारलं त्यातल्या एकानेही ते केलेलं नव्हतं. काहींनी अभिमानाने सांगितलं, आमची टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाही. न उपसता वीस वर्षं चाललेली टाकी खालून मोकळी असणार, असं माझं ठाम मत आहे, आणि लोणावळ्याच्या पावसात ते पाणी कुठे जातं याचं उत्तर इंद्रायणीच्या उगमाशी राहणाऱ्यांनी आळंदीकरांना द्यावं. माझ्या हातात मोजमाप नाही. ते असायला हवं होतं, नगरपरिषदेने एका उन्हाळ्यात शंभर टाक्यांत रंग टाकून पाहिला तर मिळेलही. कॅराव्हॅनचंही तेच. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, लोक गाड्या घेऊ लागले. पवनानगरला किंवा लोणावळ्यात या टाक्या रीतसर रिकाम्या करायला एक हौद बांधा, ही माझी मागणी आहे. भाच्याला शेजारची सेप्टिक टाकी मिळाली. ज्याला मिळत नाही तो रात्री वॉल उघडतो.

रविवारी टाकी दहा बादल्यांपर्यंत भरली, झाकण लावलं आणि रात्रभर तशीच ठेवली. सोमवारी सकाळी पातळी रेघेवरच होती. मग भाच्याने ती भरलेली गाडी दुधिवरे खिंडीतून लोणावळ्यापर्यंत नेऊन परत आणली, मुद्दाम खड्ड्यांतून. परतल्यावर खाली नवी रद्दी घातली आणि तो पुण्याला गेला. पेपर उचलू नका, असं मालकीणबाईंना सांगून आलो होतो. काल, गुरुवारी, त्यांचा फोन आला. म्हणाल्या, कागद कोरडा हाय, पर मी रविवारपातूर तसाच ठेवते, पोरं येऊन पाणी वापरू देत, मग बघू.