आधी दोर, मग लाइटा



मागच्या पंधरवड्यात शेजारच्या शिवारातला एक पोरगा नवी फोर बाय फोर घेऊन दाखवायला आला. गाडी चांगलीच हाय, त्यात वाद नाही. पण त्यानं गाडीच्या आधी वरच्या सामानाचं बिल दाखवलं. पुढं जाडजूड लोखंडी बंपर, टपावर लाइटाची लांब पट्टी, मोठा हॉर्न, रुंद रिमा. साठ हजार रुपये. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये धरला तर सव्वा अकरा क्विंटल सोयाबीन गाडीच्या तोंडाला बांधलं म्हणायचं.

मी विचारलं, "बाबा, दोर कुठाय?"

"काका, फोर बाय फोर हाय. दोर कशाला लागतोय?"

या एका वाक्यासाठी आज लिहायलोय. आपल्या लातूर-नांदेडच्या भारी काळ्या रानात फसत नाही अशी गाडी अजून निघालेली नाही. दोन चाकं ओढणारी बांधाजवळ फसते, चारही चाकं ओढणारी रानाच्या मधोमध जाऊन फसते, एवढाच फरक. म्हणून माझं स्पष्ट मत हाय: शेतात जाणारी गाडी फसणारच असं धरून तिला तयार करा. पहिला पैसा बाहेर निघायच्या सामानावर, दुसरा देखभालीवर. उरला तर लाइटा.

मातीचा हिशोब

आपली काळी माती कृषीवाल्यांच्या भाषेत व्हर्टिसोल. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगा पडतात. वाळूत चाक रुततं, पण वाळू चाकाला धरून बसत नाही. काळी बसते. चार फेऱ्यांत टायरच्या खाचा भरतात, नवा कोरा टायर गुळगुळीत होतो आणि मग चारही चाकं जागेवर गरगर फिरतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडं अशीच काळी माती हाय. तिथली माणसं महागड्या गाड्या घेऊन हजारो किलोमीटर आडरानात फिरतात, पण पाऊस झाला की काळ्या मातीचे कच्चे रस्ते सरळ बंद ठेवतात. गाडी कुठली हाय ते कोणी विचारत नाही.

पेरणीला आपण वाफसा बघतोच ना? मूठभर माती दाबून बघतो, लाडू झाला की थांबतो. गाडी घालतानाही तेच करा. बुटाला माती चिकटून बूट जड व्हायला लागला की गाडी बांधावर लावा आणि चालत जा. शिवाय ओल्या रानात गाडी घातली की चाकोरीखालची जमीन दाबली जाते, तिथं पीक कसं येतं ते सगळ्यांनी बघितलेलं हाय. म्हणजे गाडीचं नुकसान वेगळं आणि रानाचं वेगळं.

माझ्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी खताच्या गोण्या भरलेली माझी पिकअप ओढ्याच्या उतारावर फसली. चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी होती, घाई होती, आभाळ भरून आलं होतं. ट्रॅक्टरच्या मागं टॉप लिंकचा ब्रॅकेट हाताशी होता, तिथंच साखळी अडकवली. त्यानं क्लच सोडला. गाडी हलली नाही, ट्रॅक्टरची पुढची चाकं मात्र वर उठली. कमरेएवढी. त्यानं क्लच दाबला म्हणून ट्रॅक्टर खाली आला. अर्धा सेकंद उशीर झाला असता तर ट्रॅक्टर मागं उलटून त्याच्या अंगावर पडला असता. मी साखळीपासून चार हातावर उभा होतो, नुसता बघत.

हे का होतं ते समजून घ्या. मागची चाकं फिरायला मोकळी नसली की इंजिनचा जोर ट्रॅक्टरचं धड मागच्या अ‍ॅक्सलभोवती फिरवायला लागतो. साखळी अ‍ॅक्सलच्या वर बांधलेली असली तर ओढही त्याच दिशेनं उलटवते. खाली ड्रॉबारला बांधली तर तीच ओढ पुढची चाकं जमिनीवर ठेवायला मदत करते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरवर उलटल्यावर चालकाला वाचवणारा सांगाडा नसतो. म्हणून गाडी ओढायची तर एवढं पाळाच:

1. साखळी किंवा पट्टा ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच, अ‍ॅक्सलच्या खाली. टॉप लिंकला, सीटखालच्या लोखंडाला कधीच नाही.
2. गाडीच्या बाजूला चासीच्या हुकलाच. बंपरला, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा ट्रॉली जोडायच्या गोळ्याला नाही. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो.
3. ट्रॅक्टर सगळ्यात खालच्या गिअरात, ओढ हळूहळू वाढवायची. झटका द्यायचा नाही. पाय क्लचवर तयार. पुढची चाकं हलकी वाटली की लगेच दाबायचा.
4. दोराच्या दीडपट अंतरात एकही माणूस नको. पोरं तर अजिबात नकोत. दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाका, तुटला तर उसळी कमी होते.
5. आधी गाडीतला माल उतरवा. कंटाळा येतो, मला माहीत हाय. पण वीस गोण्या म्हणजे एक टन.

गाडीत काय ठेवायचं

क्रेनवाले वापरतात तसला पॉलिस्टरचा पट्टा, पाच टनाचा, ज्याच्यावर वजनाची चिठ्ठी शिवलेली असते तो. दोन चांगल्या डी-शॅकल, त्यांच्यावरही वजन कोरलेलं असावं. हा पट्टा ताणत नाही, म्हणून झटक्याला चालत नाही, सावकाश ओढायलाच वापरा. आखूड दांड्याचं फावडं. जॅक आणि त्याच्याखाली घालायला दीड फुटाची जाड फळी, कारण फळीशिवाय जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच मातीत जातो. हवा मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप. स्टेपनी, आणि तिच्यात हवा हाय का ते बघून. पाच लिटर पाणी. हे सगळं त्या साठ हजारांच्या चौथ्या हिश्शात बसतं आणि वर पैसे उरतात.

फसलात की पहिलं काम म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाक फिरवत राहिलं की गाडी खाली जाते आणि हाउसिंग मातीवर टेकतं. एकदा हाउसिंग टेकलं की गाडीचं वजन चाकांवर राहतच नाही. खाली उतरा, चाकापुढची आणि हाउसिंगखालची माती फावड्यानं काढा, चाकाखाली पऱ्हाट्या किंवा गोणपाट घाला आणि आलात त्याच चाकोरीनं मागं निघा. गाडी रिकामी असेल आणि टायर ट्यूबलेस असतील तर हवा 20 च्या आसपास उतरवा, टायर पसरतो आणि पकड येते. ट्यूबच्या टायरात इतकी हवा उतरवू नका, रिम आतल्या आत फिरून व्हॉल्व्ह उपटतो. भरलेल्या गाडीतही नको. आणि डांबरी लागली की आधी हवा भरा, मग पुढं.

देखभाल

रानातून आल्यावर चाकांच्या आतल्या बाजूनं पाणी मारा. रिमात वाळलेला चिखल राहिला की रस्त्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि आपण उगाच अलाइनमेंटला पैसे घालतो. जॉइंट क्रॉस, शॅकल पिन यांना ग्रीसिंग पावसाळ्यात लवकर लवकर करा, नवं ग्रीस आतलं पाणी बाहेर ढकलतं. कमानीचे यू-बोल्ट आवळून घ्या.

सोयाबीनची रास चालू असली की एअर फिल्टर रोज बघा. रेडिएटरची जाळी भुसकटानं बुजते, ती साफ करा. गरम सायलेन्सर घेऊन भुसकटाच्या ढिगावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, आग लागते. आणि तुरीच्या धसकटातून गाडी नेऊ नका. टायरच्या बाजूला चीर पडली की तो पंक्चरवाल्याच्या हातचा राहत नाही.

थार, जिमनीसारख्या गाड्यांत फोर बाय फोर कोरड्या डांबरीवर लावून पळवायची नसते. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरावर येतो. उलट काहीजण वर्षभर तो दांडा हलवतच नाहीत आणि ऐन वेळी तो अडकतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर लावून चालवा.

पाणी

पुलावरून पाणी वाहत असेल तर कुठलीही गाडी घालू नका. 2025 च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळकडं रातोरात पाणी कसं चढलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलतं आणि पाण्याखाली पूल शिल्लक हाय का ते वरून दिसत नाही. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चावी मारू नका. आत पाणी गेलेलं असलं तर पिस्टनचा रॉड वाकतो. बाहेर काढल्यावर इंजिनचं आणि हाउसिंगचं ऑइल बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर आधी बदला, मग चालवा.

बंपरचं काय

त्या पोराला मी शेवटी हेच सांगितलं. असे लोखंडी बंपर लावायला केंद्रानं 2017 च्या डिसेंबरातच मनाई केलेली हाय. धडकेचा मार चासीवर जातो, एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही आणि समोरचा पायी माणूस जिवानिशी जातो. कंपनीनं दिलेल्या गाडीत मनासारखे बदल करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानंही 2019 मध्ये सांगितलंय. त्यात बंपरचं वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे चिखलात आधी नाक खाली.

आणि मोठ्या माणसांसाठी एक. रस्ता असता तर निम्मं सामान लागलंच नसतं. शेत-पाणंद रस्त्यासाठी 2021 मध्ये मातोश्री योजना आली. बांधावरून वाट मागायला जमीन महसूल कायद्याचं कलम 143 हाय, अडवलेली वाट मोकळी करायला 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा हाय. गाडीच्या हप्त्यासाठी बँकेत चार चकरा मारतो, तहसीलला दोन मारायला काय हरकत हाय? फूटभर बांध सोडायची तयारी मात्र आपल्यापासून पाहिजे. मी माझ्या बाजूचा सोडलाय.

पोरगा काही बोलला नाही. पण परवा त्याच्या गाडीत मागं पट्टा आणि फावडं दिसलं. बंपर अजून हाय. उतरेल हळूहळू.

तुमच्या गावात ट्रॅक्टर गाडी ओढायला निघाला तर साखळी कुठं बांधलीय तेवढं आधी बघा. चुकीची असली तर वाईटपणा घ्या, पण थांबवा.