आमच्या दहा अंशांचा आकडा

प्रति,
मा. संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय),
पुणे



हे पत्र निपाणीहून लिहितोय. तुमची संस्था १९६६ सालची. पुणेकर वेताळ टेकडीला सर्रास ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, इतकी ती तिथं मुरलेली. आमच्या गावाजवळही एक चढ आहे, स्तवनिधीचा. मुंबई-बंगळूर महामार्ग त्यावरून जातो आणि त्याला आम्ही तवंदी घाट म्हणतो. सह्याद्रीचे खरे घाट बघितलेला माणूस त्याला घाट म्हणणार नाही. पण विजेच्या गाडीला तो चांगलाच कळतो, आणि पत्राचं कारणही तोच.

गेल्या पौषातली गोष्ट. पहाटे सहाला आईला घेऊन बेळगावला निघालो. तपासणीसाठी उपाशीपोटी पोचायचं होतं. थंडी मी म्हणत होती, पुढच्या काचेवर दव साचलेलं. आईनं स्वेटरवर शाल घेतली होती, तरी तिचे हात कापत होते, म्हणून हीटर लावला. गाडी रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवली होती. गाव सोडलं की लगेच चढ लागतो. तो चढून वर आलो तेव्हा जेवढे किलोमीटर चाललो होतो त्याच्या दुप्पट किलोमीटर पडद्यावरून उतरले होते. आई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, “बघ की रे, कुठं गळतंय काय खालनं?”

आम्ही अडकलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. बेळगावला वेळेत पोचलो, उन्हं वर आल्यावर परतलो, बॅटरीत भरपूर उरलेलं होतं. आडरानात बंद पडलेल्या गाडीची कहाणी या पत्रात नाही. पण आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला बरीच खटपट करावी लागली. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसाला ते बरं दिसत नाही.

उत्तर शेवटी आमच्या जुन्या स्वयंपाकघरात सापडलं. चुलीला वैल असतो. तव्यावर भाकरी भाजत असताना वैलावर आमटी नाही तर पाणी आपोआप तापतं, त्यासाठी वेगळं लाकूड लागत नाही. पेट्रोलची गाडी ही वैलाची चूल आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेतला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, उरलेली उष्णता होऊन वाया जाते. त्या वाया जाणाऱ्या उष्णतेतली थोडी आत वळवली की झाला हीटर. विजेच्या गाडीची मोटर मोठी काटकसरी, बहुतेक सगळी वीज ती कामाला लावते. म्हणून तिला वैलच नाही. आतल्या उबेसाठी बॅटरीतली वीज वेगळी जाळावी लागते. आई, गळत काही नव्हतं, तुझे हात शेकत होते.

दुसरं कारण बॅटरीच्या पोटात. लिथियमचे आयन ज्या द्रावातून एका बाजूकडून दुसरीकडे जातात, तो गारठ्यात घट्ट होतो. आमच्याकडच्या माणसाला हे काकवीवरून कळेल. गुऱ्हाळावर गरम असताना ती धारेनं पडते आणि थंडीत तीच काकवी बरणीतून निघता निघत नाही. तसंच आयनांचं होतं, अंतर्गत रोध वाढतो आणि थोडी वीज आतल्या आतच खर्ची पडते. बॅटरी गरम झाली की हे नुकसान भरून निघतं, ते कायमचं नसतं. आपल्याकडच्या आवाक्यातल्या गाड्यांमध्ये बहुतेक लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी असते. टिकाऊपणाला ती उत्तम, पण गारठा तिला जरा जास्तच बाधतो. उतारावर मोटर उलटी चालवून वीज परत मिळवायची जी सोय असते, तीही गारठलेल्या आणि काठोकाठ भरलेल्या बॅटरीत आखडती होते. शिवाय थंड हवा दाट असते. ३० अंशांच्या मानानं १२ अंशांची हवा सहा टक्क्यांच्या आसपास दाट, आणि महामार्गाच्या वेगाला गाडीचं निम्म्याहून जास्त बळ हवा कापण्यातच जातं. टायरमधली हवा थंडीनं आकसते ती वेगळीच.

आता तुमच्या आकड्याकडे येतो. आमच्या चहाच्या गाड्यावर नवी गाडी उभी राहिली की एकच प्रश्न येतो, “किती देतीया?” या प्रश्नाचं अधिकृत उत्तर तुमच्यासारख्या संस्थांच्या प्रयोगशाळांतून येतं. ‘एआयएस-०४०’ या मानकाप्रमाणे गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेला वेगाचा आलेख परत परत चालवतात. एका फेरीला साधारण वीस मिनिटं लागतात, सरासरी वेग ताशी ३२-३३ किलोमीटर, जास्तीत जास्त ९०. खोलीचं तापमान २० ते ३० अंश, एसी-हीटर बंद. यात लबाडी कुठंच नाही, हे मी मान्य करतो. गाड्यांची आपसात तुलना करायची तर सगळ्यांना एकच परीक्षा हवी. २०२४ पासून शहरी आणि शहराबाहेरचा असे दोन्ही भाग धरून येणारा आकडा उत्पादक सांगू लागलेत, तेही बरंच झालं. टाटांनी तर पाऊणशे टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा वेगळा ‘सी-७५’ आकडा स्वतःहून द्यायला सुरुवात केली. अधिकृत आकड्याच्या शेजारी ठेवला की तो बराच बुटका दिसतो. तरी विकणाऱ्यानंच तो सांगावा, याचं मला अप्रूप वाटलं.

पण परीक्षा २५ अंशांची आणि आमची पहाट १२ अंशांची, त्याचं काय?

बेळगावला ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणायची जुनी रीत आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंची. डिसेंबर-जानेवारीत किमान पारा साधारण १३-१४ वर असतो आणि काही पहाटे दहाच्या आसपास घसरतो. नॉर्वेवाले हसतील. तिथं २०२४ मध्येच दर दहा नव्या गाड्यांतल्या जवळपास नऊ विजेच्या विकल्या गेल्या, आणि तिथला मोटारचालकांचा महासंघ दर हिवाळ्यात बर्फातून गाड्या पळवून कुणाची किती दमछाक होते ते जाहीर करतो. अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या. उणे सात अंशांना हीटर बंद ठेवल्यावर पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला, हीटर लावल्यावर ४१ टक्क्यांनी. म्हणजे मोठा खर्च थंडीचा नाही, उबेचा आहे. तिथल्या सरकारी चाचणीत प्रयोगशाळेचा आकडा सरळ ०.७ नं गुणून खाली आणण्याची सोय आहे. आमच्याकडचे हिशेबनीस व्यापारीही तंबाखूच्या बोदातली घट आधीच धरतात, तसंच हे.

उणे सातचा आकडा अमेरिकेकडे आहे, पंचविसाचा तुमच्याकडे आहे. मधला, दहा-बारा अंशांचा, मला कुठं छापलेला दिसला नाही. सीमाभागातल्या माणसाला याचं फार नवल वाटत नाही म्हणा. १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्हाला दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर राहायची सवय आहे. गाडी केए-२३, दवाखाना बेळगावात, सोयरीक कोल्हापुरात. पण तो सीमावाद कोर्टात आहे आणि हा तुमच्या खोलीतल्या वातानुकूलनाचं बटण फिरवून मिटण्यासारखा आहे.

हा मधला आकडा बारीक आहे म्हणून सोडून द्यावा असाही नाही. माझा ढोबळ हिशेब सांगतो, चुकला तर खोडून काढा. निपाणी ते बेळगाव ७५ किलोमीटर. त्याला साडेदहा-अकरा युनिट लागतात. आतली हवा एकदा तापली की हीटर फार वीज मागत नाही, आणि उन्हं आली की आपण तो बंदच करतो. एकूण एक-सव्वा युनिट धरा. याची तक्रार कुणी करू नये. आता सकाळी साडेसहाला नातवाला शिकवणीला सोडायचं बघा. चार किलोमीटर, गल्लीबोळांतून बारा मिनिटं. चालण्याला अर्धं युनिट. आणि गाडी थंडगार असल्यानं हीटर पूर्ण जोरात, दोन किलोवॉटनं चालला तरी त्याला बारा मिनिटांत चाळीस शतांश युनिट. खर्च जवळपास दुप्पट! आतली हवा तापेपर्यंत शिकवणी आलेली असते. म्हणजे लांब जाणाऱ्याची थंडी किलोमीटरांत वाटली जाते, गावातल्या गावात फिरणाऱ्याच्या मात्र ती एकट्याच्या डोक्यावर बसते. मी आजवर लोकांना उलटं सांगत होतो. म्हणायचो, थंडीची काळजी कोल्हापूर-बेळगाव करणाऱ्यानं करावी, गावातल्याला काय त्याचं! तीस वर्षांच्या मास्तरकीचा हा नमुना.

आणि खरं सांगायचं तर आमच्या भागात थंडीपेक्षा चढ जास्त खातो. पणजीहून चोर्ला घाटातून बेळगावला यायचं म्हणजे गाडीला समुद्रापासून साडेसातशे मीटर वर उचलायचं. माणसांसकट अठराशे किलोची गाडी धरली तर नुसत्या उचलण्याला पावणेचार युनिट, वाटेतली गळती धरून चार-सव्वाचार. चाळीस-पंचेचाळीस युनिटांच्या बॅटरीतला हा दहावा हिस्सा, पंचवीस-तीस किलोमीटरांचा ऐवज. उतरताना निम्म्याहून जास्त परत मिळतो, हे चढणाऱ्याला त्या वेळी कोण सांगणार? सावंतवाडीहून आंबोली चढून येणाऱ्याची तीच गत. रोलर मात्र कायम सपाट.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर पत्र वाचून कुणी गाडी घ्यायची थांबेल आणि तो दोष माझ्या माथी येईल. लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य खातो तो उन्हाळा. थंडीत गेलेला पल्ला फाल्गुनात परत येतो, पण सतत भाजून निघालेली बॅटरी पूर्वीसारखी होत नाही. त्या हिशेबानं चंद्रपूर-जळगावच्या गाडीवाल्यापेक्षा आम्ही सुखी. दहा अंशांवर उपायही घरगुती आहेत. चार्जिंग पहाटे संपेल अशा बेतानं लावलं तर बॅटरी उबदार असतानाच निघता येतं. हीटर सुरू करायचा तर प्लग लावलेला असतानाच करावा, ती वीज भिंतीतून येते. टायरची हवा थंडीत एकदा तपासावी. खुर्ची तापवायची सोय असेल तर तीच वापरावी, आख्खी गाडी तापवण्यापेक्षा पाठ तापवणं कितीतरी स्वस्त. यातलं एक अक्षर गाडी विकताना मला कुणी सांगितलं नाही. दुकान कुठलं ते लिहीत नाही, कारण त्या पोरालाही ते कुणी सांगितलं नसणार.

म्हणून मागणं असं. वाहनांच्या या मानकांच्या समितीचं सचिवालय तुमच्याकडे आहे. मानक तुम्ही एकट्यानं बदलू शकत नाही, हे ठाऊक आहे, पण विषय टेबलावर ठेवू शकता. आहे तो आकडा राहू द्या. त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, दहा अंशांना रात्रभर उभ्या ठेवलेल्या गाडीचा हीटर लावून आलेला आकडा छापायला लावा. युरोपची नवी पद्धत आपल्याकडे आणायची चर्चा चालू आहे. ती जरूर आणा, पण तिच्यातही पल्ला मोजतात तो २३ अंशांना. गंमत अशी की तिथं पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या धुराची एक जादा चाचणी १४ अंशांवर घेतात, कारण त्यांच्या खंडाची सरासरी हवा तेवढी. आमच्या पौषातल्या पहाटेची सरासरीही तेवढीच, बेळगावची हवा युरोपियन असल्याचं कॅम्पातले म्हातारे सांगतात ते अगदीच खोटं नाही. जमलं तर चढाचंही एक साधं कोष्टक द्या, शंभर मीटर चढाला किती किलोमीटर वजा धरायचे एवढंच. आणि हे सगळं गाडीच्या पुस्तिकेत मराठीत आणि कानडीत असावं. आमच्याकडे दोन्ही वाचणारे आहेत, तिसऱ्या भाषेतली बारीक अक्षरं दोघंही वाचत नाहीत.

प्रयोगशाळा रिकामी नसेल तर डिसेंबरात एखादी गाडी आणि एखादा इंजिनीअर इकडे पाठवून द्या. पुण्याहून सरळ महामार्ग आहे, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की आलंच गाव. गाडी रात्रभर आमच्या अंगणात उघड्यावर ठेवू, म्हणजे दव नीट बसेल. पहाटे सहाला तवंदी चढू. मागच्या सीटवर आई बसेल, त्यामुळे हीटर बंद ठेवून मोजायची सवलत मिळणार नाही. अंगणात पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे. रिकामी गाडी भरायला त्याच्यावर चौदा-पंधरा तास जातात, तेव्हा आदल्या दुपारीच पोचावं, आणि निघताना एक फोन करावा. आमच्याकडे लाइट आहे की नाही, ते सांगेन.

आपला,
निपाणीतला एक निवृत्त शिक्षक