तारखेचा पाठभेद

एक साधा प्रयोग करून बघा. एखादा लेख वर्डमध्ये उघडा आणि त्याची पीडीएफ काढा. दोन मिनिटं थांबा आणि काना-मात्राही न बदलता त्याच लेखाची दुसरी पीडीएफ काढा. वाचायला दोन्ही सारख्याच. पण कॉम्प्युटरला विचाराल तर तो सांगेल की या दोन वेगळ्या फाइली आहेत. कारण पीडीएफच्या पोटात ती कधी तयार झाली ती तारीख आणि वेळ, अगदी सेकंदासकट, लिहिलेली असते.

मग बिघडलं काय? लेखाच्या बाबतीत काहीच नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र बरंच बिघडतं. आणि हे इंजिनिअरिंगवाल्यांच्या आधी आपल्याला, म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्यांना कळायला हवं, असं माझं मत आहे. कारण हा प्रश्न मुळात पाठभेदाचा आहे.

सॉफ्टवेअरची दोन रूपं असतात. प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो. त्यावरून मशीन जे तयार करतं ते बिल्ड. आपल्या फोनमध्ये येतं ते हेच, आणि ते सहजासहजी वाचता येत नाही. थोडक्यात, वाचायला मिळते ती मूळ संहिता आणि वापरायला मिळते ती नक्कल. नक्कल मुळाबरहुकूम आहे हे कशावरून?

आरोग्य सेतु आठवा. २ एप्रिल २०२० ला हे ॲप आलं. १ मेच्या सरकारी आदेशाने ते कामावर जाणाऱ्या सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना बंधनकारक झालं. पुढे १७ मेला ही सक्ती सैल झाली. ॲप ब्लूटूथ आणि लोकेशन वापरायचं, त्यामुळे लोकांनी शंका काढल्या. २६ मे रोजी सरकारने अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड गिटहबवर खुला केला. हे चांगलंच झालं. पण समजा, इथल्या कुकटपल्लीतल्या एखाद्या जाणकाराने तो कोड ओळ न् ओळ वाचला असता, तरी आपल्या खिशातलं ॲप याच कोडचं आहे हे त्याने कसं ताडायचं? खरा मार्ग एकच. स्वतः बिल्ड करायचं आणि डिजिटल सही बाजूला ठेवून फोनमधल्या ॲपशी बाइट न् बाइट ताडून पाहायचं. जुळलं तर शंका मिटली.

अडचण ही की, आधीपासून काळजी घेतली नसेल तर असं बिल्ड सहसा जुळत नाही. सी भाषेत बिल्डची तारीख आणि वेळ प्रोग्राममध्ये टाकायची सोयच आहे. झिप फाइल आतल्या प्रत्येक फाइलची वेळ जपून ठेवते. मराठी भाषांतरं ज्या पीओ फाइलींत असतात त्यांच्या डोक्यावरही तारखेची ओळ असते. त्यात पुन्हा टाइम झोन. निजामाच्या हैदराबादेत सरकारी कागदावर फसली सन पडायचं आणि तोच दिवस मुंबईत इसवी सनाने लिहिला जायचा. तसंच एकाच क्षणी हैदराबादचं मशीन एक वेळ लिहितं आणि बर्लिनचं दुसरी.

‘तारखेचाच तर फरक आहे, सोडून द्या ना!’ असं तुम्ही म्हणाल. माझा आक्षेप नेमका या सोडून देण्याला आहे. निरुपद्रवी फरकांची सवय झाली की त्यांच्या गर्दीत उपद्रवी फरक आरामात लपतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सोलरविंड्स कंपनीत हेच घडलं. हल्लेखोरांनी ऐन बिल्डच्या वेळी एक फाइल बदलली आणि काम झाल्यावर मूळ फाइल परत जागेवर ठेवली. सोर्स कोड वाचणाऱ्याला काही दिसणार नव्हतं. कंपनीच्या अधिकृत सहीनिशी ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचू शकलं. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे बिल्ड करून ताडून पाहिलं असतं तर फरक दिसला असता. पण ज्या घरात दोन बिल्ड कधीच जुळत नाहीत, तिथे न जुळण्याचं नवल कोणाला वाटणार?

आपल्याकडे ही दृष्टी फार जुनी आहे. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण नकलकारांच्या हातून तीन शतकांत शब्द बदलत गेले होते. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं, पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. अभ्यासकांना हस्तलिखितं ताडूनच पाठ ठरवावा लागतो. साहित्यात मूळ हरवतं आणि नकला उरतात. सॉफ्टवेअरमध्ये मूळ समोर असतं, त्यावरून हवी तितक्यांदा नक्कल काढता येते. एवढी सोय असून ती एका तारखेपायी वाया घालवायची?

यावर उपाय आहे आणि तो वापरातही आहे. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात २०१३ पासून यावर काम चाललंय. (डेबियनचं २०२३ चं जागतिक संमेलन कोचीत भरलं होतं.) २०१५ मध्ये ‘सोर्स डेट इपॉक’ नावाचा संकेत ठरला. कल्पना अगदी साधी. घड्याळ बघून तारीख टाकायची नाही. मूळ मजकुरात शेवटचा बदल झाला ती तारीख टाकायची. बिल्ड आज करा की दहा वर्षांनी, तारीख तीच. तपासणीची पद्धतही मजेशीर आहे: एक बिल्ड आजच्या तारखेला आणि दुसरं मशीनचं घड्याळ ३९८ दिवस पुढे नेऊन. त्यामुळे वर्ष, महिना, दिवस सगळंच बदलतं. तरीही दोन्ही जुळले पाहिजेत.

काही जण म्हणतात, बिल्ड कधी झालं हे कळायला नको का? जरूर कळावं, पण वेगळ्या जागी. चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला आणलात तर त्यावर दोन तारखा असतात, एक बाप्तिस्म्याची आणि एक दाखला दिल्याची. दाखला दहा वेळा काढला तरी नोंदवहीतली नोंद बदलत नाही. डेबियनही बिल्डची तारीख ‘बिल्डइन्फो’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवतं. नोंद राहते आणि संहिताही शुद्ध राहते.

यानेच सगळं साधतं असा माझा दावा नाही. मुळातच खोट असेल तर तिची नक्कलही खोटीच, फक्त तंतोतंत. पण मग ती खोट निदान वाचता येईल अशा जागी असते आणि कोणीतरी तिच्यावर बोट ठेवू शकतो.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. लोकांच्या पैशातून होणारं, लोकांच्या फोनमध्ये बसणारं प्रत्येक सरकारी ॲप असं असावं की कोणालाही ते पुन्हा घडवून ताडता यावं. नुसतं ‘हा घ्या कोड’ म्हणणं म्हणजे मूळ पोथी काचेच्या कपाटात दाखवून हातात भलतीच प्रत देण्याची मोकळीक स्वतःकडे ठेवणं. आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सची मित्रमंडळी दर वर्षी प्रोजेक्ट करतात, त्यांनाही कँटीनमध्ये गाठून विचारा: मी माझ्या लॅपटॉपवर बिल्ड केलं तर तुझ्यासारखंच येईल का? आणि पुढच्या वर्षी केलं तर?