‘माहीत नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असे नव्हे

पार्ट्यांमध्ये घेतल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्या आणि पुड्या यांविषयी दोन प्रकारची माणसे माझ्याशी बोलतात. पहिले म्हणजे आईवडील. पुण्या-मुंबईला शिकायला ठेवलेल्या मुलाविषयी काहीतरी कुणकुण लागलेली असते. ते दबक्या आवाजात विचारतात, ‘‘डॉक्टर, एकदा घेतलं तरी मेंदू कायमचा जातो म्हणतात, खरं का हो?’’ दुसरी म्हणजे ती मुलेच. ती विचारत नाहीत, मलाच सांगतात. ‘‘सर, दारूपेक्षा गोळी बरी. परदेशात डॉक्टरसुद्धा देतात. पुढं जाऊन नुकसान होतं असं अजून कुठं सिद्ध झालंय?’’

दोघांनाही ठाम उत्तर हवे असते आणि दीर्घकाळच्या परिणामांबाबत ते आज वैद्यकशास्त्राकडे नाही. मात्र या ‘नाही’चा अर्थ आईवडील एक लावतात आणि मुले अगदी उलटा लावतात. माझ्या मते दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ते कसे, हे आज सांगायचे आहे.

प्रथम नावांचा घोळ दूर करू. ‘एक्स्टसी’ नावाने विकली जाते ती गोळी म्हणजे एमडीएमए हे रसायन असायला हवे. आपल्याकडे मुले ज्याला ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ म्हणतात ते मेफेड्रोन. नावे सारखी वाटली तरी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. आधी एमडीएमएविषयी बोलू, कारण त्याचा निदान अभ्यास तरी बराच झालेला आहे.

जे नक्की माहीत आहे

एमडीएमए हे रसायन जर्मनीतील मर्क कंपनीने १९१२ साली तयार केले. रक्तस्राव थांबवणारी औषधे शोधण्याच्या कामातील ती एक मधली पायरी होती. पुढे अनेक वर्षे त्याकडे कोणी पाहिले नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही मानसोपचारकांनी ते वापरून पाहिले. ते मोकळेपणा आणते, असे त्यांचे म्हणणे होते. मग ते नाचगाण्याच्या ठिकाणी पोहोचले आणि १९८५ साली अमेरिकेने त्यावर बंदी घातली. तरीही १९८८च्या सुमारास इंग्लंडमध्ये रात्रभराच्या नृत्यपार्ट्यांची लाट आली ती या गोळीला घेऊनच. आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्यावरील पार्ट्यांतून तिचे नाव पसरले. भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ती बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे.

आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक रसायन असते. मनःस्थिती, झोप, भूक, शरीराचे तापमान यांच्याशी त्याचा संबंध असतो. एमडीएमए हा साठा एकदम बाहेर काढते. त्यामुळे सगळे जग आपले वाटू लागते, थकवा जाणवत नाही. पण साठा रिकामा झाल्यावर पुढचे दोन-तीन दिवस अनेकांना उदास, चिडचिडे वाटते. उसने घेतलेले फेडावेच लागते.

तात्काळ होणारे धोके आम्हा डॉक्टरांना चांगले ठाऊक आहेत. गर्दीत, उकाड्यात तासन् तास नाचल्याने शरीराचे तापमान फार चढते. ते १०६-१०७ अंश फॅरेनहाइटवर गेले की स्नायू वितळू लागतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. दुसरा धोका याच्या उलट्या बाजूचा आहे. १९९५ साली इंग्लंडमध्ये अठराव्या वाढदिवसाला ही गोळी घेतलेली एक मुलगी दगावली. उष्णतेचा त्रास होऊ नये म्हणून ती थोड्या वेळात कित्येक लिटर पाणी प्याली होती. या गोळीमुळे मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकीनाशी होतात, रक्तातील सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येते. तिसरा धोका औषधांबरोबरच्या मिश्रणाचा. नैराश्यावरील काही गोळ्या किंवा ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक चालू असेल, तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जीवावर बेतू शकते.

असे मृत्यू गोळी घेणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने कमी आहेत. पण ते कोणाला गाठतील हे आधी सांगता येत नाही.

जे माहीत नाही, आणि का नाही

आता मूळ प्रश्न. वीस वर्षांनी काय? प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेने सेरोटोनिनच्या मज्जातंतूंची टोके दीर्घकाळ खराब झालेली दिसली. माणसांत, वारंवार घेणाऱ्यांची स्मरणशक्ती चाचण्यांत सरासरीने थोडी कमी आढळते. घेणे थांबवल्यावर मेंदूतील काही बदल भरून येताना दिसतात, पण सगळे आणि सगळ्यांचे भरून येतात का, यावर एकमत नाही. उलट २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका काळजीपूर्वक अभ्यासात ५२ गोळी घेणारे आणि ५९ न घेणारे, अशी रात्रभराच्या पार्ट्यांना जाणारीच माणसे तपासली. दुसऱ्या नशा जवळजवळ न करणारी माणसे मुद्दाम निवडली होती. त्यांच्या बुद्धीत फारसा फरक दिसला नाही.

मग खरे काय? अडचण अशी, की गोळी घेणारा बहुधा दारू, गांजा, सिगारेटही घेतो, रात्री जागतो. कमी झालेली स्मरणशक्ती कशाच्या खात्यावर मांडायची? गोळी सुरू करण्यापूर्वी त्याची स्मरणशक्ती किती होती, हे कोणी मोजलेले नसते. त्याने किती गोळ्या घेतल्या आणि त्यांत काय होते, हे त्यालाच माहीत नसते. आणि प्रयोग म्हणून निरोगी तरुणांना दहा वर्षे नशा देऊन पाहणे कोणत्याही डॉक्टरला करता येणार नाही. १९८८च्या लाटेत विशीत असलेली मंडळी आता कुठे पन्नाशी ओलांडून साठीकडे चालली आहेत. म्हातारपणी मेंदूची शिल्लक कमी होऊ लागते, तेव्हाच तरुणपणीचा खर्च कळतो. तो हिशोब अजून पुरा व्हायचा आहे.

एका बाटलीची गोष्ट

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स या नामवंत विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. एका रात्रीत घेतात तेवढ्या एमडीएमएने माकडांच्या मेंदूतील डोपामिनच्या पेशींना गंभीर इजा होते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे पुढे कंपवातासारखा विकार होण्याची भीती. जगभर खळबळ उडाली. वर्षभराने, २००३च्या सप्टेंबरमध्ये, त्यांनी तो निबंध स्वतःहून मागे घेतला. बाटलीवर नाव एमडीएमएचे होते, आत मात्र मेथाम्फेटामिन हे दुसरेच रसायन होते.

ही गोष्ट मुलांना फार आवडते. ‘‘बघा, सगळा खोटा बागुलबुवा!’’ असे ती म्हणतात. मला मात्र त्यातून वेगळाच बोध दिसतो. पावती, लेबल, तपासणीची यंत्रे हे सगळे असलेल्या प्रयोगशाळेत बाटलीत भलताच पदार्थ निघतो आणि ते कळायला वर्ष लागते. मग अंधारात, हातातून हातात आलेल्या गोळीत काय आहे, हे आमच्या पोराला कोणत्या आधारावर कळणार?

भुलीच्या औषधाचा धडा

‘अजून काही सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य किती पोकळ असते, याचे उदाहरण आपल्या ग्रामीण रुग्णालयांतलेच आहे. केटामिन हे भूल देण्याचे औषध अमेरिकेत १९७० साली मान्य झाले. श्वास सहसा बंद पडत नाही, मोठी यंत्रे लागत नाहीत, म्हणून लहान गावांतील शस्त्रक्रियांना त्याचा मोठाच आधार आहे. जगभर असंख्य रुग्णांना ते दिले गेले.

पुढे तेच औषध नशेसाठी पार्ट्यांत गेले. तरुण मुले ते महिनोन् महिने रोज ओढू लागली. २००७ साली कॅनडातील टोरोंटोच्या डॉक्टरांनी अशा नऊ जणांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांची मूत्राशये आकसून जाड झाली होती. सतत लघवीला जावे लागे, प्रचंड वेदना होत, लघवीतून रक्त जाई. मग हाँगकाँग आणि इंग्लंडमधूनही असेच रुग्ण पुढे आले. काहींचे मूत्राशय काढून टाकावे लागले.

येथे लक्षात घ्यावे, की औषध जवळजवळ चाळीस वर्षे आमच्या हातात होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकदा दिलेल्या मात्रेने जे झाले नाही, ते रोजच्या नशेने झाले. आणि ते कोणी भाकीत केले म्हणून कळले नाही, मुले आजारी पडून दवाखान्यात आली तेव्हा कळले. शास्त्राला माहिती मिळते ती बऱ्याचदा अशीच, कोणाच्या तरी शरीराच्या किमतीवर. ते शरीर आपल्या घरातले असावे का, एवढाच प्रश्न आहे.

‘डॉक्टर देतात’ याचा अर्थ

परदेशात डॉक्टर देतात, हे अर्धसत्य आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून खास परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना, मोठ्या आघातानंतरच्या मनोविकारासाठी एमडीएमए वापरू दिले. अमेरिकेत मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये औषध नियंत्रण विभागाने मान्यता नाकारली आणि आणखी एक चाचणी करण्यास सांगितले. त्या चाचण्यांतही शुद्ध औषध, दोन-तीनच मात्रा, मध्ये काही आठवड्यांचे अंतर, आधी हृदयाची तपासणी आणि शेजारी तज्ज्ञ बसलेले, अशी व्यवस्था होती. त्यावरून दर शनिवारच्या गोळीविषयी काही ठरवता येत नाही.

आपल्या दारातील ‘एमडी’

आपल्याकडे खरी काळजी मेफेड्रोनची आहे. ते आपल्या कायद्याच्या यादीत आले फेब्रुवारी २०१५ मध्ये. ते आता बाहेरून येते असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी त्याचे कारखाने पकडले. कुरकुंभचा साठा शेकडो किलोंचा होता.

याचा कैफ लवकर उतरतो, म्हणून एकाच रात्री पुन्हा पुन्हा ओढले जाते. झोप उडते, छाती धडधडते, संशय आणि भास सुरू होतात, तलफ जडते. एवढे आम्ही पाहतो. पण वीस वर्षे नजर ठेवलेले रुग्ण जगात कोठेच नाहीत, कारण हा पदार्थ बाजारात पसरूनच तेवढा काळ जेमतेम झाला आहे. म्हणजे एमडीएमएविषयी अर्धवट माहिती तरी आहे, ‘एमडी’विषयी तीही नाही. आणि ज्याविषयी सर्वांत कमी माहिती, तेच आपल्याकडे सर्वांत सहज मिळते.

दारूपेक्षा बरी?

दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू घेणारे १४.६ टक्के होते, तर या जातीची उत्तेजके घेणारे ०.१८ टक्के. दारूने आपल्या जिल्ह्यातील जेवढी घरे बुडवली तेवढी कोणत्याही गोळीने बुडवलेली नाहीत, हे मी मुलांपुढे मान्य करतो. पण दारूचा धोका आपल्याला इतका पक्का माहीत आहे, कारण पिढ्यान् पिढ्या तिची किंमत मोजली गेली आहे. गोळीचा दीर्घकाळचा धोका किती, हे अजून तसे मोजले गेलेले नाही.

काय करावे

पालकांना माझे सांगणे आहे, की अतिशयोक्ती करू नका. ‘एका गोळीत मेंदू जळतो’ असे सांगितले आणि मुलाच्या मित्राने चार गोळ्या घेऊन परीक्षा पहिल्या वर्गात पास केली, की तुमचे पुढचे खरे बोलणेही वाया जाते. ‘पुढे काय होईल हे कोणालाच माहीत नाही, आणि ते शोधायला तुझं शरीर वापरू नकोस’, एवढे खरे वाक्य पुरेसे आहे.

कोणी गोळी घेतल्यावर फार तापला, बरळू लागला, आकडी आली, तर त्याला मोकळ्या हवेत नेऊन ओल्या कपड्याने अंग पुसावे, कुशीवर झोपवावे आणि १०८ वर फोन करावा. बळेच पाणी पाजू नये. काय घेतले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, लपवण्यात वेळ घालवू नये. नैराश्याची औषधे चालू असतील तर तेही सांगावे.

तलफ जडली असेल तर पोलिसांच्या भीतीने घरात कोंडून ठेवू नका. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमात, सेवन किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण केल्यास खटल्यातून सूट आहे. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि तरुण वाचकांना एक विनंती. नवे औषध आणले की आम्हा डॉक्टरांना तुम्ही पहिला प्रश्न विचारता, ‘‘साइड इफेक्ट काय?’’ तो अगदी योग्य प्रश्न आहे. तोच प्रश्न पुडी विकणाऱ्यालाही विचारून पाहा.