तबकडी फिरते, चित्र मात्र येत नाही

दिवाळीची झाडझूड सुरू झाली, की आपल्याकडच्या बहुतेक घरांतल्या लोखंडी कपाटातून एक पिशवी बाहेर निघते. तिच्यात जुन्या लग्नपत्रिका असतात, संपलेली पासबुके असतात आणि दहा-वीस चकचकीत तबकड्या असतात. एखादी थोरल्याच्या लग्नाची, एखादी नातवाच्या बारशाची, एखादी आजोबांच्या एकसष्टीची. गोंदियाकडे या साऱ्यांना एकच नाव आहे, 'सीडी'. ती डीव्हीडी असली तरी सीडीच. वर शूटिंगवाल्याने जाड पेनाने वधूवरांची नावे आणि तारीख घातलेली असते. घरात कुणाला तरी हुक्की येते, माळ्यावरचा प्लेअर खाली उतरतो, धूळ पुसली जाते, सगळे टीव्हीपुढे बसतात आणि मग ठरलेले वाक्य ऐकू येते, ''भाऊ, सीडी तं फिरते, पण दिसत काईच नाही!''

गंमत अशी, की तीच तबकडी शेजारच्यांच्या प्लेअरवर लागते. किंवा तिथे निम्मी लागते आणि नेमकी मंगलाष्टकांपाशी अडकते. मग आरोप-प्रत्यारोप सुरू होतात. घरचे म्हणतात, शूटिंगवाल्याने फसवले. शूटिंगवाला म्हणतो, तुमचे यंत्र स्वस्तातले आहे. यंत्राचा दुकानदार म्हणतो, सीडीवर ओरखडे आहेत. तिघेही थोडेथोडे खरे बोलत असतात, पण मूळ दोष त्या तिघांपैकी कुणाचाच नसतो. तो ज्यांचा होता, ते जपान, हॉलंड आणि अमेरिकेतल्या बैठकांच्या खोल्यांत बसले होते.

डीव्हीडीचे प्रमाण ठरवायला १९९५ मध्ये दहा बड्या कंपन्या एकत्र आल्या. बाजारात विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या तबकडीपुरते त्यांचे एकमत झाले, म्हणून ती तबकडी कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर चालली. पण घरी रेकॉर्ड करण्याच्या कोऱ्या तबकडीचा प्रश्न आला तेव्हा मात्र चुली वेगळ्या झाल्या. १९९७ मध्ये 'डीव्हीडी-आर' आली, तिच्या नावात वजाचे चिन्ह. मग डीव्हीडी-रॅम आली, पुसून पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू आली. फिलिप्स, सोनी आदी मंडळींनी वेगळी आघाडी करून अधिकचे चिन्ह घेतले आणि २००२ च्या सुमारास 'डीव्हीडी+आर' बाजारात आणली. दोन्हींची क्षमता तीच, ४.७ जीबी. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. फरक एवढाच, की लेसरच्या किरणाला 'तू आता कुठे आहेस' हे सांगणाऱ्या खुणा दोघींवर वेगवेगळ्या पद्धतीने कोरलेल्या. माणसाच्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. पुढे दोन्ही चिन्हे मानणारी यंत्रे आली, पण तोवर घरोघरी एकेरी यंत्रे जाऊन बसली होती.

गोंदियाच्या माणसाला हे समजावून सांगायला फार शास्त्र लागत नाही. आपल्या जंक्शनवर अनेक वर्षे दोन प्रकारचे रूळ नांदले. हावड्याकडे जाणारा साडेपाच फुटांचा ब्रॉडगेज आणि नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा अडीच फुटांचा नॅरोगेज. दोन्ही रूळ लोखंडाचेच आणि दोन्हींवर आगगाडीच धावत होती, पण इकडचा डबा तिकडे जाऊ शकत नव्हता. माल उतरवायचा, हमालांनी पलीकडे न्यायचा आणि पुन्हा चढवायचा. आज तो सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे, कारण त्याला एक रेल्वे खाते होते आणि त्या खात्याला एक निर्णय घेता आला. तबकड्यांच्या जगात असे खातेच नव्हते.

दुसरी अडचण तबकडीच्या पोटातली आहे. सिनेमाची तबकडी कारखान्यात साच्यावर दाबून काढतात, तिच्यावरचे खळगे कायमचे. घरी लिहिलेल्या तबकडीत प्लॅस्टिकखाली रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेसरने तो भाजून अक्षर उमटवलेले असते. म्हणूनच आपण 'सीडी जाळली' असे म्हणायला लागलो. ही तबकडी प्रकाश जरा कमी परतवते. नव्या, दणकट भिंगाला तेवढा पुरतो, जुन्या किंवा स्वस्त प्लेअरला पुरत नाही. घाईघाईत, यंत्राच्या कमाल वेगाने भाजलेली तबकडी असेल तर आणखीच कठीण. वर कागदी लेबल चिकटवले असेल, तर ती फिरताना डुलते. आणि उन्हाच्या खिडकीत ठेवली, तर रंगद्रव्य स्वतःच फिके पडत जाते.

तिसरी गोष्ट बहुतेकांना कुणी सांगितलीच नाही. ती म्हणजे 'फायनलाइज' करणे. डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा त्या छोट्या, ८ सेंटिमीटरच्या तबकडीच्या हँडीकॅमवर चित्रण केले, की शेवटी एक बटण दाबून तबकडी 'बंद' करावी लागे. त्या वेळी तिच्यावर अनुक्रमणिका लिहिली जाई. ती नसेल, तर ज्या यंत्रावर रेकॉर्ड केले त्याच यंत्रावर चित्र दिसते, बाकी साऱ्या यंत्रांना तबकडी कोरी वाटते. कितीतरी घरांत कॅमेरा बिघडला, भंगारात गेला आणि मागे 'कोऱ्या' तबकड्या उरल्या. त्या कोऱ्या नाहीत हे लक्षात घ्या. त्यांच्यावर सारे आहे. फक्त कुलूप लागलेले आहे आणि किल्ली भंगारवाल्याकडे गेली आहे.

मुलगी-जावई अमेरिकेत असतील, तर चौथे दुखणे. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत 'पाल', सेकंदाला २५ चित्रे आणि ६२५ रेषा. अमेरिकेची 'एनटीएससी', सेकंदाला सुमारे ३० चित्रे आणि ५२५ रेषा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवत, तिकडचे बरेचसे फक्त आपलेच. म्हणजे आईने मायेने पाठवलेली धाकट्याच्या लग्नाची तबकडी लोणच्याच्या बरणीबरोबर सुखरूप पोहोचते, लोणचे संपते, तबकडी मात्र तशीच राहते.

आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढल्यामुळे मला या प्रकाराचे विशेष वाटते. देवरीच्या शाखेचा धनादेश दिल्लीत वटतो, कारण त्याचा आकार, खालची चुंबकीय शाईची पट्टी, तारखेची जागा, हे सारे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले आहे. कुठल्या बँकेने 'आमचा धनादेश आमच्याच शाखेत वाचता येईल' असे म्हटले असते, तर खातेदारांनी शटर खाली ओढले असते. मग आपल्या पैशांइतकी काळजी आपल्या आठवणींची का घेतली गेली नाही? पैसा बुडाला तर दाद मागायला जागा आहे. आईचा आवाज बुडाला तर कुठे अर्ज करायचा?

कुणी म्हणेल, आता सगळे मोबाईलवर आहे, त्या जुन्या सीड्यांचे काय एवढे? तर एवढे, की साधारण २००० ते २०१२ या काळातली आपली हलती चित्रे प्रामुख्याने याच तबकड्यांवर आहेत. त्या लग्नांत मिरवणारी कितीतरी माणसे आज नाहीत. फोटोत चेहरा राहतो. चालण्याची ढब, पंगतीत आग्रह करण्याची रीत, हाक मारतानाचा हेल हे तबकडीतच आहे.

प्रश्न घरापुरताही नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटके रंगतात, दंडार आणि खडी गंमत होते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे देशाचे लक्ष गेले. पण तिचे खेळ छापील पुस्तकात फारसे सापडत नाहीत, ते मंचावर जन्मतात आणि पहाटे विरतात. गावच्या एखाद्या हौशी शूटिंगवाल्याने त्यातला एखादा खेळ पकडला असेल, तर त्याची प्रत कुठल्या तरी ट्रंकेत, अशाच न लागणाऱ्या तबकडीवर असेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्याच मराठीची झाडीबोली जिवंत माणसांच्या तोंडून ऐकवणारा पुरावा माळ्यावर फिका पडतो आहे, याचीही थोडी खंत वाटायला हवी.

पूर्वजांना हे कळत होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत ठेवले, बाहेरच्याला ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. पण मठांतून प्रती काढणे थांबले नाही आणि लिपी जाणणारा माणूस पिढ्यान् पिढ्या तयार होत राहिला, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आले. जतन म्हणजे कपाटात ठेवणे नव्हे. जतन म्हणजे वेळेवर नक्कल करणे. २०१५ मध्ये इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या व्हिन्ट सर्फ यांनीही हाच इशारा दिला, की वाचणारी यंत्रे गेली तर आपल्या काळाची कागदपत्रे पुढच्यांना काळोखासारखी होतील.

आणि यंत्रे जात आहेत. व्हिडिओ कॅसेटचे यंत्र बनवणाऱ्या जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. कोऱ्या तबकड्या बनवणारी आपल्या देशातली मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. नव्या लॅपटॉपना तबकडीचा खण नसतो. म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये. उपाय अवघड नाहीत. प्लेअरच्या नादी न लागता संगणकाला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा. संगणकाला पाल-एनटीएससीचे सोयरसुतक नसते, आणि अधिक-वजाचे भांडण नंतरच्या ड्राइव्हनी मिटवलेले आहे. एका ड्राइव्हवर लागली नाही तर दुसऱ्यावर लावून पाहावी. 'कोरी' दिसणारी तबकडी फेकू नये, तिच्यावरचा मजकूर बाहेर काढणारी खास सॉफ्टवेअर्स आहेत. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नव्हे. उतरवलेल्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात आणि चार-पाच वर्षांनी नव्या साधनावर पुन्हा उतरवाव्यात.

ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा ग्रंथालयाने आणि तालुक्याच्या वाचनालयांनी एक टेबल मांडावे. एक संगणक, दोन ड्राइव्ह आणि तास-दोन तास बसणारा एक कॉलेजचा विद्यार्थी. खर्च एखाद्या सत्कार समारंभाच्या मंडपाहून कमी येईल. सालेकसा, अर्जुनी-मोरगावकडून येणाऱ्या माणसाने पिशवीतून तबकड्या आणाव्यात, पेनड्राइव्हवर घेऊन जावे. त्यात एखाद्या गावची दंडार निघाली, तर मालकाच्या परवानगीने तिची एक प्रत ग्रंथालयाने ठेवून घ्यावी. पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेचे हेही कामच आहे.

कंपन्यांचे भांडण केव्हाच संपले. ज्या मालासाठी ते झाले तो मालही बाजारातून जवळजवळ उठला. त्याचा भुर्दंड मात्र आपल्या कपाटात पडून आहे. यंदा झाडझूड करताना ती पिशवी पुन्हा आत ढकलू नका. घरात वयस्कर माणूस असेल, तर त्याच्यासमोरच ती उघडा, कारण चित्र लागल्यावर त्यातल्या चेहऱ्यांची नावे सांगणारे तेच एक असते.