आपलं ते संस्कार, त्यायचं ते रक्त?

एखादी गोष्ट माणसात कशी उतरते हे सांगायला मराठीत शब्दांची कमी नाही. रुजवणं, बिंबवणं, ठसवणं, भिनवणं, अंगवळणी पाडणं. अन् उतरल्यावर ती किती खोल गेली हे सांगायलाही आहेत: मुरलेलं, हाडीमाशी खिळलेलं, नसानसांत भिनलेलं. या सगळ्या शब्दांत शिकवणारा कोणीतरी आहे अन् त्याला लागलेला वेळ आहे. लोणचंही एका रात्रीत मुरत नाही.

पण याच पंगतीत आणखी तीन शब्द येऊन बसलेत. उपजत, जन्मजात, रक्तातच. अर्थ जवळचा वाटतो म्हणून आपण हे बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्यात मात्र शिकवणारा कोणीच नाही. म्हणजे जबाबदारही कोणी नाही!

आता हे शब्द आपण कोणासाठी वापरतो ते बघा, मंडळी. आपलं लेकरू चांगलं निघालं तर घरचे संस्कार. बिघडलं तर संगत वाईट. अन् पारधी बेड्यावरच्या पोरावर नुसता संशय आला तरी काय म्हणतो आपण? "त्यायच्या रक्तातच हाये ते." हिवरखेडच्या चौकात पानठेल्यावर उभे राहा, चोरीची गोष्ट निघू द्या, दहा मिनिटांत हे वाक्य ऐकू येते. बोलणारा शिकलेला असतो, कधी गुरुजीही असतो.

हे रक्त आलं कुठून? कायद्यातून आलं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढं तो वाढत गेला, १९२४ मध्ये पुन्हा नव्यानं झाला. अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवून टाकल्या. नावं नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. गुन्हा करायच्या आधीच आरोपी. पिढ्यान् पिढ्या हजेरी घेतली की पोलिसाच्या, पाटलाच्या अन् गावाच्या डोक्यात जे बसलं, त्याला मराठीत बिंबवणं म्हणतात. म्हणजे रुजवलं गेलं आपल्या डोक्यात, अन् उपजत ठरले ते!

१९५२ मध्ये तो कायदा गेला. त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला, तोवर वऱ्हाडही त्याच राज्यात गेलं होतं. कागदावर तो माणसाला लागतो, जमातीला नाही. सवय मात्र जुनीच राहिली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगाच्या नियमावल्यांमधला जातीभेद रद्द केला, तेव्हा विमुक्त जमातींवरचा हाच शिक्का कोर्टासमोर होता. म्हणजे ७२ वर्षांनंतरही!

खरंच मुरलेलं काही त्या समाजात असेल तर ते फाशांचं ज्ञान. फासे पारधी हे नावच त्यावरून पडलं. तितर कुठं उतरतो, लावा कुठून निघतो, फास कसा मांडायचा, हे बाप पोराला शिकवत आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार गुन्हा झाली. जंगल वाचायलाच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण पोटाचं साधन गेल्यावर हातात दुसरं काय दिलं, हे कोणी विचारलं नाही.

आमच्या धंद्यातलीही गोष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. चोरी झाली की मथळा येतो 'पारधी टोळी'. पतसंस्था बुडवणाऱ्याची जात कधी मथळ्यात वाचली? हजारो ठेवीदार रडले तरी तो 'अध्यक्ष' अन् 'संचालक'च राहतो. त्याच्या रक्ताची चौकशी कोणी करत नाही. आरोपीला आरोपी लिहा, नाव लिहा, कलम लिहा. जमात कशाला पाहिजे?

ज्यांना 'ते शिकत नाहीत' असं वाटते, त्यांनी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला जाऊन यावं. त्याच समाजातल्या मतीन भोसलेंनी २०१२ मध्ये तिथं पारधी लेकरांसाठी शाळा काढली. शाळेचं नाव 'प्रश्नचिन्ह'. नाव वाचूनच उत्तर द्यायची वेळ आपली आहे हे समजते. पुढं समृद्धी महामार्ग आला तेव्हा त्याच शाळेची जागा रस्त्यात गेली.

आता एवढंच करा. जूनमध्ये शाळा उघडेल. आपल्या गावाजवळच्या बेड्यावर सहा वर्षांवरची किती लेकरं आहेत अन् त्यातली पटावर किती आहेत, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. कोणी नाकारलं तर लेखी मागा, अन् तो कागद मला पाठवा. छापायचं मी बघतो.