टाइप रेटिंगचे वीस लाख : आधी रेटिंग की आधी नोकरी?

शिरगाव (डिचोली) : मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि डिचोली-पेडणे पट्ट्यातल्या घराघरांत एक नवीनच चर्चा सुरू झाली. बारावी सायन्स झालेला मुलगा किंवा मुलगी असली की कोणीतरी विचारतोच, ‘पायलटचे बघितले काय?’ शिरगावातून गाडीने तासाभराच्या आत मोपा. डोक्यावरून रोज विमाने जातात. मग आपला मुलगा त्यात का नको, हा प्रश्न साहजिकच आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, खानापूर, चंदगडकडेही हेच. चिपी आहे, बेळगावचे सांबरा आहे, आणि सांबऱ्यावर तर प्रशिक्षणाची छोटी विमाने दिवसभर घिरट्या घालताना दिसतात.

पण या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि जाहिराती ती गल्लत मुद्दाम वाढवतात. बेळगाव, बारामती, जळगाव, गोंदिया, धुळे, नागपूर येथे ज्या संस्था आहेत त्या फ्लाइंग स्कूल आहेत. तिथे दोन किंवा चार आसनी विमानावर २०० तास उडून कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल मिळते. हे लायसन्स हातात आले म्हणून इंडिगोच्या एअरबसमध्ये बसता येत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. हेच टाइप रेटिंग. एअरबस ए३२०चे वेगळे, बोइंग ७३७चे वेगळे, एटीआरचे वेगळे. हे शिक्षण छोट्या धावपट्टीवर होत नाही, मोठ्या सिम्युलेटरवर होते; आणि अशा सिम्युलेटरची मोठी केंद्रे गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, बंगळुरू, हैदराबादला आहेत. सीमाभागातल्या मुलाला बॅग भरून जावेच लागते.

सीपीएलला आजच्या घडीला साधारण पन्नास लाखांच्या आसपास खर्च येतो, परदेशात केले तर कधी त्याहून बराच जास्त. त्यावर टाइप रेटिंगचे पंधरा ते वीस लाख, कधी पंचवीस. म्हणजे घर एकदा पन्नास लाखांना वाकल्यावर, मुलगा परत येतो आणि सांगतो, ‘बाबा, अजून वीस लागतील, नाहीतर नोकरी नाही.’ खरा घोळ इथे होतो. कारण पहिले पन्नास लाख देताना चार जणांना विचारलेले असते. हे वीस मात्र घाईत, आधीचे वाया जाऊ नयेत म्हणून दिले जातात.

शिरगावच्या लोकांना हे गणित नवीन नाही. २०१२ पर्यंत शिरगाव, मये, डिचोली, साखळी पट्ट्यात चार पैसे जमले की ते टिपरमध्ये जात. बँक कर्ज देत होती, खनिज बंदराकडे जात होते, हप्ता निघत होता. टिपरमध्ये दोष नव्हता. दोष एवढाच की तो एकाच मालासाठी, एकाच रस्त्यावर चालणारा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातली खाण थांबवली आणि टिपर अंगणात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच. शेवटी सरकारला खाण अवलंबितांसाठी कर्जमुक्तीची योजना आणावी लागली. गंमत म्हणा की दैवयोग, त्याच ऑक्टोबरात किंगफिशर एअरलाइन्सची विमानेही जमिनीवर आली.

टाइप रेटिंग हा तसाच एका रस्त्याचा टिपर आहे. ए३२०चे रेटिंग घेतलेल्याला ७३७ उडवता येत नाही, आणि उलटही नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा ७३७वरचे शेकडो अनुभवी वैमानिक एकदम बाजारात आले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा ए३२०वाले आले. अशा वेळी कंपनी कोणाला घेणार? दोन-तीन हजार तास उडालेल्याला, की काल सिम्युलेटरमधून बाहेर पडलेल्या, प्रत्यक्ष विमानात शून्य तास असलेल्या पोराला? उत्तर सांगायला नको.

मग वैमानिकांचा तुटवडा आहे हे खोटे काय? खोटे नाही, पण अर्धे खरे आहे. इंडिगोने २०२३ मध्ये एकाच वेळी ५०० एअरबसची ऑर्डर दिली, एअर इंडियाने ४७० विमानांची. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, मोपा-दाबोळीवरही प्रवासी खोळंबले. ते बघून अनेक पालकांना वाटले, आता तर मागणीच मागणी. पण कंपन्यांना जास्त गरज असते ती कॅप्टनची, आणि कॅप्टन व्हायला तास लागतात. एटीपीएल परवान्यालाच १५०० तास हवेत. खाली सीपीएल घेऊन बसलेल्यांची रांग लांब आहे. डीजीसीएने २०२३ या एका वर्षात १,६२२ सीपीएल दिले. ऑर्डर दिलेली विमाने मात्र एका वर्षात येत नाहीत, दहा वर्षे येत राहतात.

त्यात मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या कॅडेट योजना काढल्या आहेत. त्यात सुरुवातीपासून टाइप रेटिंगपर्यंत सगळे एका पॅकेजात असते. खर्च कोटीच्या घरात जातो. पण शेवटी, अटी पूर्ण केल्या तर, नोकरीचे दार कुठे आहे ते निदान माहीत असते. एअर इंडियाने अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर स्वतःची प्रशिक्षण संस्था उभी करायला घेतली आहे, तीही याच विचाराने. या योजनांमुळे स्वतःच्या पैशाने रेटिंग करून दारात उभा राहणाऱ्याची जागा कमी होते, हे लक्षात घ्यायला हवे.

केंद्र निवडताना काय विचारायचे

तरीही काही जणांना रेटिंग आधी करावेच लागते. कंपनीच्या जाहिरातीत ‘टाइप रेटेड फर्स्ट ऑफिसर’ असे स्पष्ट लिहिलेले असते. किंवा कंपनी लेखी व मुलाखत घेऊन सशर्त पत्र देते आणि अमुक केंद्रात स्वखर्चाने रेटिंग करा म्हणते. हा दुसरा मार्ग त्यातल्या त्यात बरा. पत्र हातात, मग पैसे. तोंडी ‘आमच्याकडे प्लेसमेंट आहे’ याला काडीची किंमत नाही. ज्या केंद्राचा माणूस प्लेसमेंट बोलतो, त्याला तीच ओळ लेटरहेडवर लिहून मागायची. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

केंद्राला त्या विशिष्ट विमानाच्या अभ्यासक्रमासाठी डीजीसीएची मान्यता आहे का, हे पहिले बघायचे. संस्थेला मान्यता असणे वेगळे आणि या विमानाच्या, या सिम्युलेटरवरच्या कोर्सला असणे वेगळे. सिम्युलेटरचीही मान्यता असते आणि ती मुदतीची असते. कोर्स चालू असताना ती संपत नाही ना, हे विचारायला लाजायचे कारण नाही. परदेशातले केंद्र स्वस्त मिळाले म्हणून तिकीट काढण्याआधी ते रेटिंग भारतीय परवान्यावर चढेल का, हे डीजीसीएकडून लेखी घ्यायचे. एजंटच्या व्हॉट्सअॅपवर विसंबून नव्हे.

डीजीसीएने २०२५ मध्ये फ्लाइंग स्कूलची श्रेणीवारी सुरू केली. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत देशातली एकही संस्था बसली नाही. ती यादी जरूर बघावी, पण ती सीपीएलच्या शाळांची आहे. टाइप रेटिंगच्या केंद्रांना ती लावून उपयोग नाही. तिथे विचारपूस आपणच करायची, आणि सगळ्यांत खरी माहिती गेल्या सहा महिन्यांत तिथून बाहेर पडलेल्या मुलांकडे असते. त्यांना ‘कोर्स कसा होता’ असे विचारू नका. पासआऊट होऊन किती महिने झाले आणि आज काय करता, एवढेच विचारा.

फीच्या आकड्यात काय काय बसते, हे तर ओळ न् ओळ तपासायला हवे. नवख्या वैमानिकासाठी साधारण नऊ-दहा फुल फ्लाइट सिम्युलेटर सत्रे असतात, एकेक चार तासांचे. त्यात दोघे जण असतात. अर्धा वेळ एक विमान चालवतो, दुसरा मदतनीस, मग अदलाबदल. म्हणजे चाळीस तास म्हटले तरी हातात विमान वीसच तास. जोडीदार कच्चा असला तर आपलेही सत्र बिघडते. एखादे सत्र जमले नाही तर जादा सत्राचे किती? परीक्षकाची फी आत की बाहेर? परीक्षेत नापास झाल्यास पुन्हा किती? आणि सत्रे कोणत्या वेळची? सिम्युलेटर रात्रंदिवस चालतो, आणि पहाटे दोनला बसून इंजिन बंद पडल्याचा सराव करणारे मूल सकाळी दहाला बसणाऱ्याइतके शिकत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती बेस ट्रेनिंगमध्ये. सिम्युलेटर कितीही हुबेहूब असला तरी नवख्याला खऱ्या विमानातून उड्डाण आणि लँडिंग करून दाखवावे लागते. युरोपच्या नियमात ही संख्या साधारण सहा आहे. रिकामे ए३२० तासभर फिरवायचा खर्च कुठलेही केंद्र सहज उचलत नाही. ते बहुधा एअरलाइनकडे असते. म्हणून ‘फुल टाइप रेटिंग’ असे लिहिलेले पॅकेज सिम्युलेटरच्या परीक्षेशी थांबत असेल, तर हातात पूर्ण रेटिंग येतच नाही. हा प्रश्न सरळ शब्दांत विचारायचा : खरे विमान कोण देणार, कधी, आणि कोणाच्या पैशाने?

रेटिंग झाल्यावर नोकरी लांबली तर ते गंजत जाते, हेही कोणी सांगत नाही. एअरलाइनमधल्या वैमानिकाची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर तपासणी होते. घरी बसलेल्याने हात चालू ठेवायचा तर सिम्युलेटरचे तास पुन्हा स्वतः विकत घ्यायचे. वर्षभर वाट बघायची तयारी असेल तर तेवढे पैसे वेगळे बाजूला ठेवूनच सही करावी.

कोणते विमान?

भारतात इंडिगो आणि एअर इंडियाकडे ए३२० कुळातली विमाने सर्वांत जास्त, म्हणून गर्दीही तिथेच. अकासा पूर्णपणे ७३७ मॅक्सवर आहे, एअर इंडिया एक्स्प्रेसकडे दोन्ही आहेत. आपल्याकडच्यांना जवळचे म्हणजे एटीआर. मोपावरून चालणारी फ्लाय९१ ही मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली कंपनी एटीआर ७२-६०० उडवते. तिच्या सुरुवातीच्याच मार्गांत सिंधुदुर्ग होते, पुढे सोलापूर आले. गोव्याची कंपनी, घरून ड्युटी, हे आकर्षण समजण्यासारखे आहे. पण मोजकीच विमाने असलेल्या कंपनीला फर्स्ट ऑफिसरही मोजकेच लागतात. एटीआरवाल्यांसाठी अलायन्स एअर आणि इंडिगोचा एटीआर ताफा एवढाच आणखी आधार. पुढे जेटवर जायचे तर पुन्हा नवे रेटिंग. तरीही एटीआरवर लवकर तास मिळत असतील तर ते जेटचे रेटिंग घेऊन घरी बसण्यापेक्षा शंभर पटीने चांगले.

पैशाची बाजू. वीस लाख ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३४ हजार. सीपीएलसकट ६५ लाख दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याला ८९ हजारांच्या पुढे. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांवर बँका तारण मागतात. इथे डिचोलीतला जुना प्रश्न पुढे येतो. शेजारच्या मयेत पिढ्यान् पिढ्या लोक ‘कस्टोडियन’च्या जमिनीवर राहिले, २०१४च्या कायद्यानंतर सनदांचा विषय सुरू झाला. इतरत्र कोमुनिदाद, मुंडकार, सामाईक उतारे. कागद स्वच्छ नसला की बँक मागे सरकते आणि माणूस पतसंस्थेकडे किंवा सोने तारणाकडे वळतो. तिथला व्याजदर बघता नोकरीचे पत्र नसताना टाइप रेटिंगसाठी तो रस्ता धरूच नये.

गोव्यात शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. महाराष्ट्रात महाज्योतीने इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल प्रशिक्षण सुरू केले. कर्नाटकात जक्कूरची सरकारी शाळा आहे. टाइप रेटिंगचा दोन-तीन महिन्यांचा कोर्स अशा योजनेत किंवा बँकेच्या शैक्षणिक कर्जात बसतो का, हे सीपीएलला प्रवेश घेण्याआधीच विचारून ठेवायचे, नंतर नाही. त्याहीआधी डीजीसीएची क्लास वन मेडिकल. आणि मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा : आयसीएओची चौथी पातळी लागते, ती व्याकरणाची नसून रेडिओवर समोरच्याचे चटकन समजण्याची आहे. सत्तरी-दोडामार्गच्या मुलांना ती जड जाते ती सरावाअभावी, अक्कल कमी म्हणून नव्हे.

केंद्राला पैसे देताना टप्प्याटप्प्याने द्यावेत : प्रवेशाला थोडे, वर्ग संपल्यावर थोडे, सिम्युलेटरच्या तारखा लेखी मिळाल्यावर उरलेले. सगळी रक्कम आधी भरली तर सूट देऊ म्हणणाऱ्या केंद्राकडून परताव्याची अट आधी वाचून घ्यावी. अटच नसेल तर सूट कितीची आहे, याला अर्थ उरत नाही.